नव्या धंद्यातील तंत्रप्रमुख : बोल्टन आणि वॅट यांचे उदाहरण



आपल्याकडील तरुण मुले आज नवनवे धंदे काढीत आहेत. दोघे-तिघे एकत्र येतात. एकजण भांडवल आणि गिऱ्हाईक पाहतो, दुसरा यंत्राची किंवा संगणकाची बाजू सांभाळतो. या दुसऱ्यास ते ‘चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर’ म्हणतात. आपण त्यास तंत्रप्रमुख म्हणू. पदवी नवी असली तरी काम जुने आहे. धंदा बाल्यावस्थेत असताना या माणसाने काय करावयाचे असते आणि तो कोठे चुकतो, हे समजण्यास इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या बोल्टन आणि वॅट यांच्या पेढीचा इतिहास फार उपयोगी आहे.

जेम्स वॅट हा ग्लासगो विद्यापीठात उपकरणे करणारा कारागीर. न्यूकोमेनच्या वाफेच्या यंत्राचा एक नमुना त्याच्याकडे दुरुस्तीस आला. त्या यंत्रात वाफ सिलिंडरमध्येच थंड करीत. म्हणजे दर खेपेस तेच सिलिंडर तापवावयाचे, तेच निववावयाचे. कोळसा त्यातच वाया जाई. वाफ निराळ्या भांड्यात नेऊन थंड करावी, ही युक्ती वॅटला 1765 साली सुचली आणि 1769 साली तिचे पेटंट मिळाले. शाळेच्या पुस्तकातील गोष्ट बहुधा येथे संपते. धंद्याची गोष्ट मात्र येथून सुरू होते.

कारण युक्ती सुचल्यापासून गिऱ्हाइकाच्या खाणीवर यंत्र चालू होईपर्यंत अकरा वर्षे गेली. या काळात वॅटचा पहिला भागीदार जॉन रोबक आपल्या इतर व्यवहारांत बुडाला, आणि 1773 साली त्याचा दोन तृतीयांश हिस्सा बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याच्याकडे आला. विलंबाचे एक मोठे कारण साधे होते. दट्ट्या घट्ट बसेल असे गोल सिलिंडर कोणालाच करता येत नव्हते. फटीतून वाफ निसटे आणि कागदावरचे यंत्र कागदावरच राही. 1774 साली जॉन विल्किन्सन याने तोफांच्या नळ्या कोरण्याची नवी रीत काढली. त्याच धर्तीवर त्याने सिलिंडरे कोरून दिली. 50 इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकीही चूक नाही, असे बोल्टनने समाधानाने लिहिले आहे. 8 मार्च 1776 रोजी टिप्टनजवळच्या ब्लूमफील्ड खाणीवर यंत्र सुरू झाले.

तेव्हा तंत्रप्रमुखाचे पहिले काम हे की, कल्पना प्रत्यक्षात आणणारे हात आणि हत्यार कोठे आहे ते शोधावे, आणि ते नसेल तोवर ‘अजून होत नाही’ असे स्वच्छ सांगावे. सर्व काही आपल्याच छपराखाली करण्याचाही हट्ट नको. ही पेढी आरंभी संपूर्ण यंत्र बांधीतच नसे. आराखडे द्यावयाचे, झडपांसारखे नाजूक भाग करावयाचे, सिलिंडर विल्किन्सनकडून घ्यावयास सांगावयाचे आणि उभारणीस आपला माणूस पाठवावयाचा, अशी तिची पद्धत होती.

दुसरे काम मोजमापाचे. पेढीने आकार ठरविला तो असा : जुन्या यंत्राच्या मानाने जो कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींना वेल्सहून समुद्रमार्गे कोळसा आणावा लागे. त्यांना हा सौदा पटला. पण बचत मोजावयाची कशी? यंत्राच्या तुळईवर फेरे मोजणारे उपकरण कुलूपबंद पेटीत बसविले. वॅटला देण्याघेण्याच्या बोलाचालीचे मनस्वी भय होते. तो भाग बोल्टनचा. परंतु बोल्टनने दिलेला शब्द खरा की खोटा, हे वॅटच्या मापावर ठरत होते.

तिसरे काम माणसांचे, आणि येथे मला थोडे सविस्तर बोलावयाचे आहे. माझे आयुष्य गिरणी-कारखान्यांच्या दारांवर सभा घेण्यात गेले. इतिहास मी हजेरीपटाच्या बाजूने वाचतो. स्कॉटलंडातून विल्यम मर्डॉक नावाचा तरुण 1777 साली कामाच्या शोधात बर्मिंगहॅमला आला. स्वतः लेथवर कातलेली लाकडी टोपी तो हातात फिरवीत होता, ती पाहून बोल्टनने त्यास ठेवून घेतले, अशी आख्यायिका आहे. पुढे पेढीने त्याला कॉर्नवॉलला पाठविले. बंद पडलेले यंत्र चालू करणारा, खाणमालकांची बोलणी खाणारा माणूस हाच. दट्ट्याच्या खालीवर हालचालीपासून चाक फिरविण्याची ‘सूर्य-ग्रह’ दातेचक्रांची योजना 1781 साली वॅटच्या नावे पेटंट झाली; तिचे श्रेय अनेक अभ्यासक मर्डॉकला देतात.

1784 च्या सुमारास मर्डॉकने रेडरूथ येथे वाफेवर चालणाऱ्या गाडीचा छोटा नमुना करून चालविला. 1786 साली तो पेटंटासाठी लंडनला निघाला असता एक्सेटरजवळ बोल्टनने त्याला गाठले आणि समजूत घालून परत फिरविले. वॅटने गाडीची कल्पना आपल्या 1784 च्या पेटंटात आधीच घालून ठेवली होती. गाडी मात्र बांधली नाही. उच्च दाबाच्या वाफेने स्फोट होतील ही त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु स्वतः करावयाचे नाही आणि दुसऱ्यास करू द्यावयाचे नाही, हे समर्थनीय नव्हे. 1794 साली पेढीची नवी भागीदारी झाली, तेव्हा मालकांची मुले आत आली. सतरा वर्षे राबलेल्या मर्डॉकचे नाव त्यात नव्हते.

संसदेने 1775 साली वाढवून दिलेली पेटंटाची मुदत 1800 साली संपली. पुढल्याच वर्षी कॉर्नवॉलमध्येच रिचर्ड ट्रेव्हिथिकने उच्च दाबाच्या वाफेची गाडी रस्त्यावर चालविली. 1811 पासून जोएल लीन याने तेथील यंत्रांची माहिती दरमहा छापण्यास आरंभ केला : कोणते यंत्र, इंजिनिअर कोण, किती कोळशात किती पाणी उपसले. एकाची युक्ती दुसऱ्यास कळू लागली, आणि तेवढ्याच कोळशात पूर्वीच्या दुपटीहून अधिक काम होऊ लागले. कुलूपबंद पेटीने पेढी तगली हे खरे. पण यंत्राची पुढची वाढ उघड्या तक्त्याने झाली.

वॅटचे मोठेपण मी नाकारीत नाही. अकरा वर्षे अपयश सोसणे हे सामान्य माणसाचे काम नव्हे. पण नव्या धंद्यातील आमच्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे की, भागीदारीचा कागद लिहिताना, अपरात्री उठून यंत्र चालू करणारा तुमचा मर्डॉक कोण आहे ते आठवा आणि त्याचा हिस्सा त्याच दिवशी लिहा. पुढे लिहू म्हणून ठेवलेला हिस्सा बहुधा लिहिला जात नाही. कामगारांच्या चळवळीत मी हे पुष्कळ वेळा पाहिले आहे.