घरात टीव्ही एकच, गेमही खेळायचा आणि मालिकाही बघायची? या ४ सेटिंग करून बघा

तळेगाव (श्यामजी पंत) इथल्या आमच्या घरी टीव्ही एकच, तोही हॉलमध्ये. संध्याकाळी सातपासून आजीच्या मालिका, मग बाबांच्या बातम्या आणि नेमकं त्याच वेळी धाकट्या भावाला पीएस५ लावायचा असतो. तुमच्याकडेही असंच असेल तर दुसरा टीव्ही घेण्याआधी हे वाचा. यातल्या कुठल्याच सेटिंगला पैसे लागत नाहीत.

हा प्रश्न जुनाच आहे

१९७२ मध्ये आलेला पहिला घरगुती कन्सोल, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, घरच्या टीव्हीलाच जोडावा लागायचा. २०१२ मध्ये निन्टेंडोने 'वी यू'च्या कंट्रोलरमध्येच स्क्रीन दिली. टीव्ही दुसऱ्या कोणाला हवा असला तरी बरेच गेम त्या स्क्रीनवर चालायचे. आज तेच काम मोबाईल करतो.

१. वन-टच प्ले बंद करा

कंट्रोलरचं बटण दाबलं की चालू मालिका जाऊन गेम येतो ना? हे एचडीएमआय-सीईसीमुळे होतं. या सोयीत कन्सोल केबलमधूनच टीव्हीला इनपुट बदलायला सांगतो. पीएस५ वर सेटिंग्ज > सिस्टम > एचडीएमआय इथे जाऊन 'वन-टच प्ले' बंद करा. तिथलंच 'पॉवर ऑफ लिंक' पण बंद करा. नाहीतर कोणी टीव्ही बंद केला की कन्सोलही रेस्ट मोडमध्ये जातो आणि मोबाईलवर चालू असलेला गेम तुटतो.

२. गेम मोबाईलवर घ्या

- सेटिंग्ज > सिस्टम > रिमोट प्ले इथे रिमोट प्ले चालू करा.
- मोबाईलवर 'पीएस रिमोट प्ले' ॲप टाका आणि कन्सोलवरच्याच अकाउंटने लॉगिन करा.
- कंट्रोलर ब्लूटूथने मोबाईलला जोडा.

सोनी किमान ५ एमबीपीएस स्पीड सांगते, १५ असेल तर जास्त चांगलं. शक्य असेल तर कन्सोल राउटरला लॅन केबलने जोडा आणि मोबाईल ५ गिगाहर्ट्झ वायफायवर ठेवा. चित्र अडकण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. एक्सबॉक्सलाही रिमोट प्ले आहे. कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी 'स्टीम लिंक' ॲप वापरा.

३. गेम मोड फक्त कन्सोलच्या इनपुटला

गेम मोडमध्ये टीव्ही चित्रावरची जास्तीची प्रक्रिया टाळतो, त्यामुळे बटण दाबल्यावर प्रतिसाद लवकर मिळतो. बऱ्याच टीव्हींमध्ये हे सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळं ठेवता येतं. म्हणजे सेट-टॉप बॉक्सचं चित्र जसंच्या तसं राहतं.

४. आवाज हेडफोनमध्ये

टीव्हीवर खेळत असाल तर पीएस५ च्या कंट्रोलरला ३.५ मिमीचा साधा हेडफोन लावा. गेमचा आवाज कानातच राहतो आणि शेजारी कोणी अभ्यास करत असेल तर त्याला त्रास होत नाही.

मग टीव्ही कोणाला द्यायचा?

माझं मत विचाराल तर छोट्या स्क्रीनवर ज्याचं भागतं, त्याने हलावं. आजीला मोबाईलवर मालिका दिसत नाही, भावाला मोबाईलवर गेम दिसतो. पण रिमोट प्लेमध्ये थोडा उशीर येतोच. त्यामुळे फायटिंग किंवा शूटिंगचे ऑनलाइन गेम आणि दोघांनी मिळून खेळायचे गेम टीव्हीवरच बरे. त्यासाठी मालिका संपल्यानंतरची वेळ ठरवून घ्या. ते काम मात्र कुठलंच ॲप करून देणार नाही, घरात बोलूनच होईल.