स्पर्शपटलांची कार्यस्थळांतील मोडतोड
बोटाच्या स्पर्शाने संगणकास आज्ञा देण्यासाठी दृश्यपटलावर बसविलेल्या पारदर्शक संवेदकास स्पर्शपटल म्हणतात. व्यवहारात ते टच स्क्रीन या नावाने ओळखले जाते. दुकानातील हिशेबाचे यंत्र, रुग्णालयातील नोंदयंत्र, कारखान्यातील नियंत्रणपेटी, गोदामातील हातयंत्र अशा ठिकाणी त्याचा वापर रूढ झाला आणि त्याबरोबरच ते वारंवार बिघडते ही तक्रारही रूढ झाली. बिघाडाचा दोष बहुधा पटलास शेवटी हात लावणाऱ्या कामगाराकडे जातो. स्पर्शपटलांचा इतिहास पाहता हा निष्कर्ष बव्हंशी घाईचा ठरतो. ज्या गुणामुळे पटलास स्पर्श कळतो, त्याच गुणात त्याच्या बिघाडाचे मूळ असल्याचे एकामागून एक पद्धतीत आढळून आले आहे.

इंग्लंडमधील मॉलव्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी हवाई वाहतुकीच्या नियंत्रणासाठी योजिलेल्या स्पर्शपटलाचे वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत फ्रँक बेक व बेंट स्टंप यांनी तयार केलेली पटले १९७६ मध्ये तेथील प्रोटॉन-वेगवर्धकाच्या नियंत्रणकक्षात वापरात आली. काचेवर कोरलेल्या तांब्याच्या अतिसूक्ष्म रेषांजवळ बोट येताच त्यांची धारिता (विद्युत् भार साठविण्याची क्षमता) वाढे व त्यावरून स्पर्श ओळखला जाई. बोट प्रत्यक्ष तांब्यास लागू नये म्हणून वर लाखेसारख्या रोगणाचा लेप दिलेला होता. ही पटले वापरणारी माणसे मोजकी व प्रशिक्षित होती आणि कक्षही स्वच्छ होता. बाजारातील पटलांना असे संरक्षण पुढे क्वचितच लाभले.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो–४ या शिक्षणप्रणालीत (१९७२) अवरक्त किरणांची आडवी-उभी जाळी पटलासमोर ठेवलेली होती. बोटाने किरण अडला की स्थान कळे. येथे बोटाचा दाब कशावरच पडत नसल्याने झीज होण्याचे कारण नव्हते. परंतु किरण धुळीनेही अडतो. याच तत्त्वावरील एचपी–१५० हा कार्यालयीन संगणक १९८३ मध्ये विक्रीस आला, तेव्हा त्याच्या चौकटीतील बारीक छिद्रे धुळीने बुजू लागली व ती वरचेवर साफ करावी लागत. यंत्र मोडलेले नसे, केवळ आंधळे झालेले असे.

कार्यस्थळांत सर्वाधिक पसरली ती रोधी पद्धत. केंटकी विद्यापीठात असताना जी. सॅम्युएल हर्स्ट यांनी आलेखांवरील बिंदूंची स्थाने वाचण्यासाठी १९७१ मध्ये इलोग्राफ हा अपारदर्शक संवेदक बनविला. त्याचे पारदर्शक रूप त्याच दशकात तयार झाले. या पद्धतीत काच व तिच्यावर ताणलेला पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा अशा दोहोंवर इंडियम-कथिल ऑक्साइडाचा संवाहक लेप असतो. बोटाने दाबल्यावर दोन्ही लेप एकमेकांस टेकतात व त्या ठिकाणच्या विद्युत् दाबावरून स्थान निश्चित होते. पापुद्रा वाकणे हाच येथे स्पर्शाचा पुरावा. तथापि तो लेप चिनीमातीसारखा ठिसूळ असून पुनःपुन्हा वाकविल्याने त्यास सूक्ष्म तडे जातात. शिवाय कामाच्या ठिकाणचे स्पर्श पटलभर विखुरलेले नसतात. ‘रोख’ किंवा ‘पुढे’ अशा एकदोन बटणांवर ते एकवटतात. चारतारी रचनेत वरच्या पापुद्र्यावरील लेपही मोजमापासाठी लागतो, त्यामुळे तडा गेला की स्थाननिश्चिती चुकू लागते. पाचतारी रचनेत हे काम काचेवरील लेपाकडे सोपविलेले असून पापुद्रा केवळ स्पर्शिका म्हणून उरतो. उत्पादक पहिलीचे आयुष्य एका जागी सु. दहा लाख स्पर्श, तर दुसरीचे साडेतीन कोटी स्पर्श असे सांगतात. एका बटणावर दिवसाला ३,००० स्पर्श होत असतील, तर दहा लाखांची मर्यादा सु. ३३३ दिवसांत संपते. अशा चाचण्या सामान्यतः मऊ रबरी बोटाने घेतल्या जातात, हेही ध्यानात घ्यावयास हवे. गल्ल्यावरील माणसाच्या हाती बहुधा लेखणी असते.

२००७ नंतर आयफोन व तत्सम दूरध्वनींमुळे धारिता पद्धतीचा सार्वत्रिक प्रसार झाला. वाकणारा पापुद्रा गेला आणि त्याची जागा कठीण काचेने घेतली. काच का फुटते याचे मूलभूत विवेचन ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केले होते. काचेचे प्रत्यक्ष बल सैद्धांतिक बलाच्या मानाने फारच कमी भरते, कारण पृष्ठावरील सूक्ष्म चिरांच्या टोकांशी ताण एकवटतो. हवेतील बाष्पामुळे ताणाखालची चीर हळूहळू वाढतही जाते. म्हणून ज्या धक्क्याने काच फुटते तो किरकोळ असू शकतो आणि तिला दुर्बळ करणारा ओरखडा कित्येक महिन्यांपूर्वीचा असू शकतो. शेवटच्या हातास दोषी धरण्यातील अन्याय येथे स्पष्ट होतो.

यावरील उपाय १९६० नंतरच्या दशकात विकसित झाला. सु. ४००° से. तापमानाच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटात काच बुडविली असता तिच्यातील सोडियम आयनांची जागा मोठे पोटॅशियम आयन घेतात. त्यामुळे पृष्ठभाग संपीडित होतो व चिरांची तोंडे मिटलेली राहतात. परंतु हा थर काही दशक मायक्रोमीटर जाडीचाच असतो. वाळूतील क्वॉर्ट्‌झ काचेहून कठीण असल्याने धुळकट फडक्याने पुसणेही घातक ठरते. काचेच्या कडा तर विशेष नाजूक असून वाकडी चौकट वा विषम आवळलेले स्क्रू त्यांवर कायमचा ताण ठेवतात. हातयंत्रांत लिथियम विद्युत् घट फुगून काच आतूनच उचलली गेल्याचीही उदाहरणे आढळतात.

जुन्या पद्धतीची सवय नव्या पटलास बाधते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. रोधी पटल जोराने दाबल्यास प्रतिसाद देई. धारिता पटलास दाबाचे काहीच मूल्य नाही. जाड हातमोज्यातून ते बोट ओळखत नाही, पाण्याचा थर किंवा सदोष विद्युत् पुरवठा यांमुळे नसलेले स्पर्श नोंदविते. मग कामगार अधिक जोराने, पुढे किल्ली वा पेचकसाच्या टोकाने ठोकतो आणि तोवर धड असलेले पटल खरोखरच जायबंदी होते. कोविड–१९ च्या साथीत, २०२० पासून, निर्जंतुकीकरण वाढले तेव्हा द्रव थेट पटलावर फवारल्याने तो चौकटीच्या फटीतून आतील जोडण्यांपर्यंत पोहोचण्याचा धोकाही वाढला. द्रव फडक्यावर घेऊन पुसावे, अशी सूचना उत्पादक देतात.

कारखान्यांतील यंत्रांचे बहुतेक नियंत्रण स्पर्शपटलांवर गेले असले, तरी संकटसमयी यंत्र थांबविण्याची सोय आंतरराष्ट्रीय सुरक्षा-मानकांनी त्यांच्या भरवशावर सोडलेली नाही. त्यासाठी हाताने दाबावयाचे, तांबड्या रंगाचे स्वतंत्र यांत्रिक बटण आवश्यक मानले आहे.