देवराई (पवन मावळ)

देवराई : देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागलेले रान. कोकणात यास देवरहाटी, तर घाटावर पुष्कळदा नुसतेच ‘राई’ किंवा ‘देवाचे रान’ म्हणतात. हवामान बदलाला तोंड देण्याच्या ज्या मार्गांना आज निसर्गाधारित उपाय म्हटले जाते, त्यांतला मावळच्या मातीत रुजलेला आणि अजून टिकून असलेला प्रकार हाच. प्रस्तुत नोंद मुख्यतः पवना खोऱ्यातील तिकोणा, तुंग, आजिवली या पट्ट्यापुरती आहे.

भूमी व पाऊस : लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किमी. पूर्वेला पुण्यात तो ७०० मिमी.च्या आसपास उतरतो. तिकोणा ऊर्फ वितंडगड आणि त्याच्या पायथ्याची तिकोणा पेठ लोणावळा आणि पुणे यांच्या मध्ये, पवना जलाशयाच्या काठी येतात. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. खाली बेसॉल्टचा कातळ. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या मुरुमात. वरची माती उतारावर जेमतेम हातभर. उघड्या डोंगरावरचे पाणी ओढ्यानाल्यांनी त्याच दिवशी धरणात जाते आणि माती सोबत नेते. राईत मात्र पालापाचोळ्याचा जाड थर पाण्याचा वेग मोडतो, मुळांच्या वाटा ते खाली उतरवतात. मावळातल्या अनेक देवरायांच्या तळाशी झरा, कुंड किंवा टाके आढळते, ते बहुधा याचमुळे. झाडे स्वतः पाणी उपसतात, त्यामुळे दाट झाडीने झऱ्याचे पाणी किती वाढते याविषयी जलशास्त्रज्ञांत एकमत नाही. पाणी उशिरापर्यंत टिकते, हा मात्र गावोगावचा अनुभव आहे.

संज्ञा : ‘निसर्गाधारित उपाय’ या संज्ञेची व्याख्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१६ मध्ये केली, मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने तिला मान्यतेचे रूप दिले. ब्रॉन्सन ग्रिस्कम व सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार तापमानवाढ २ अंशांच्या आत ठेवण्यासाठी २०३० पर्यंत लागणाऱ्या किफायतशीर कर्बकपातीपैकी ३७ टक्क्यांपर्यंतचा वाटा जंगले, माती व पाणथळ जागा उचलू शकतात. कोळसा व तेल जाळणे कमी करण्याला हा पर्याय नव्हे.

अभ्यासाचा इतिहास : दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पुणे परिसरातील मातृदेवतांच्या ठाण्यांचा माग काढताना त्यांच्याभोवतीच्या रानांची दखल घेतली. वनस्पतींच्या अंगाने पहिले पद्धतशीर काम पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतील वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांचे. १९७०च्या दशकात दोघांनी सह्याद्रीतील राया पायी हिंडून पाहिल्या. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादीत महाराष्ट्रातील २३३ देवराया आहेत. नंतरच्या याद्यांत ही संख्या हजाराच्या बरीच पुढे गेली. कोणी एकटे झाड आणि देऊळही मोजले, कोणी फक्त सलग रान मोजले. म्हणून हे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

वर्तक-गाडगीळ यांच्या भटकंतीच्या काळातील एक प्रसंग नोंदवण्याजोगा आहे. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावाच्या राईवर तोडीची खूण पडली, तेव्हा गावकऱ्यांनी या दोघा अभ्यासकांना मदतीसाठी पत्र लिहिले. तिथे गेल्यावर देवीच्या कोपापेक्षा ओढ्याचीच गोष्ट पुढे आली : रान गेले तर बारमाही पाणी जाईल आणि त्या पाण्यावरची भातशेतीही. श्रद्धा आणि पाण्याचा हिशेब ही दोन वेगळी खाती आहेत, असे गावाने कधी मानलेच नव्हते.

वनस्पती : राईच्या आतली आणि बाहेरची झाडी शेजारी शेजारी पाहिली की फरक तत्काळ कळतो. बाहेर वर्षानुवर्षे राबासाठी टहाळ तोडला गेला, वणवे लागले; तिथे करवंद, गेळा आणि सात वर्षांनी फुलणारी कारवी. आत अंजनी, पारजांभूळ, पिसा, जांभूळ, आंबा, हिरडा यांचे सदाहरित आणि निमसदाहरित छत. बुंध्यांवर नेचे आणि आमऱ्या. गारंबीची वेल अशा रायांची खास खूण : तिचा खोडासारखा जाड पिळा एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, शेंग मीटरभर लांब लोंबते आणि तिच्यात चार-पाच सेंमी. रुंदीची, तपकिरी, लाकडासारखी कठीण बी असते. अशी वेल उभी राहण्यासाठी आधाराची झाडेही तितकीच जुनी लागतात. म्हणून रोपवाटिकेतून गारंबी आणून लावली तरी राई होत नाही.

आजिवली (ता. मावळ) येथील वाघजाईची राई भेरली माडांसाठी प्रसिद्ध आहे. माशाच्या शेपटीसारख्या पानांचा हा माड आयुष्याच्या अखेरीस फुलतो. पहिला तुरा शेंड्याजवळ येतो, पुढचे एकाखाली एक उतरत येतात आणि शेवटच्या तुऱ्यानंतर झाड मरते. तुऱ्याला चीर देऊन माडी काढतात. राईतून काही घ्यायचेच नाही, असा सरसकट नियम नसतो, हे आजिवलीवरून दिसते. घेण्याला मर्यादा असते आणि ती गाव ठरवते. एकदाच फुलून मरणाऱ्या झाडाची माडी काढायची, तर खाली रोपे उगवत राहिली पाहिजेत. ते काम बरेचसे उदमांजर करते. फळे खाऊन बिया ते रानभर टाकते.

प्राणिजीवन : उदमांजर, वानर, धनेश, सलग मोठ्या रानांत शेकरू.

कार्बन : जुन्या जाड बुंध्यांत आणि न हलवलेल्या मातीत साठलेला कार्बन नव्या रोपवनाला अनेक दशके गाठता येत नाही.

राखण्याची रीत : देव बहुधा भैरव, वाघजाई, काळूबाई, म्हसोबा यांपैकी; मूर्ती पुष्कळदा नुसता शेंदूर फासलेला तांदळा. वाळलेले लाकूड न्यायचे की नाही, वादळाने पडलेल्या झाडाचे काय करायचे, हे कौल लावून ठरे. तांदळ्याच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवत आणि कोणत्या बाजूची आधी पडते त्यावर होकार-नकार समजत. पडलेल्या झाडाचे लाकूड देवळाच्या कामाला किंवा गावकीला, घरच्या चुलीला नाही, असा दंडक अनेक ठिकाणी होता.

ऱ्हास : पानशेतच्या धरणासाठी रस्ते झाले आणि त्यांवरून कोळशाचे व्यापारी डोंगरात पोहोचले, त्या खोऱ्यातल्या झाडीची वाट लागली आणि पुष्कळ ठिकाणी उरल्या त्या राया तेवढ्या. पवन मावळात धरण (१९७२) आले, मग पर्यटन, फार्महाउसे आणि जलाशयाकाठचे तंबू. सध्याचा मोठा धोका मात्र भक्तीच्याच वाटेने येतो : जीर्णोद्धार. काँक्रीटचे देऊळ, फरशीचे आवार, गाडीरस्ता आणि मंडप झाला की देव राहतो, राई जाते. हे नुकसान गावापुरते नाही : साडेआठ टीएमसी क्षमतेच्या पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवड पिते. या उतारांवरची माती जागेवर राहण्यात त्या शहराचाही स्वार्थ आहे.

दरडी : ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीणवर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. अतिवृष्टी आणि उताराचे सपाटीकरण यांपैकी कशाचा वाटा किती, यावर वाद झाला. राईची मुळे वरची माती धरतात. खोलवरची घसरण ती थोपवू शकत नाहीत.

वृक्षलागवड व देवराई : राज्य सरकारने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांची उद्दिष्टे जाहीर केली. अभिनेते सयाजी शिंदे यांची ‘सह्याद्री देवराई’ माळरानांवर देशी झाडांची नवी राने उभी करते. हे काम मोलाचे आहे. पण लावलेल्या रोपांच्या आकड्याला राखलेल्या राईच्या पंक्तीला बसवणे चूक आहे. हवामानाच्या दृष्टीने पहिले काम उभे रान न तोडण्याचे, लागवड त्यानंतर.

कायदेशीर स्थिती : राईची जमीन कुठे वनखात्याची, कुठे महसूल खात्याची, कुठे खाजगी. वनहक्क कायदा २००६ ने परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाचे रक्षण करण्याचा हक्क मान्य केला आहे. सिंधुदुर्गातील हेवाळे-बांबर्डे येथील देवराईतील रानजायफळाच्या दलदलीला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे बंधनकारक आहे. पवन मावळातील ग्रामपंचायतींनी आपल्या राईची हद्द, जुनी झाडे आणि झरे या नोंदवहीत जीर्णोद्धाराचा ठराव होण्याआधी उतरवून घ्यावेत.