गोंडवाना: गोंडांच्या नावाचं महाखंड

चंद्रपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यात पाटीसारखा करडा दगड फुटतो आणि आत पान दिसतं. जिभेसारखं लांबट, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही अंगांना बारीक शिरांची जाळी. ‘ग्लॉसोप्टेरिस’ या ग्रीक नावाचा अर्थच जिभेसारखं नेचं. खरं तर ते नेचं नव्हतं, बी धरणारं झाड होतं. पण नाव चिकटलं ते चिकटलं. आपला बहुतेक दगडी कोळसा २५-३० कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच जंगलांचा.

मध्य भारतातल्या या थरांना १८७२ मध्ये सरकारी भूशास्त्रज्ञ हेन्री मेडलिकॉट यांनी गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवाना’ म्हटलं. ऑटो फाइस्टमँटेल यांनी १८७६ मध्ये ते नाव प्रथम छापलं. तसंच पान आफ्रिकेतही सापडलं होतं. ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये हे भूभाग एकत्र जोडून त्यांना ‘गोंडवानालँड’ नाव दिलं. मधली जमीन समुद्रात बुडाली, असं त्यांना वाटे.

जमीन बुडाली नाही, खंडंच सरकली, हे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलं. त्याच वर्षी दक्षिण ध्रुवावरून परतताना शोधप्रवासी स्कॉट आणि त्यांचे साथीदार गारठून मरण पावले. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड होते. पाय उचलेनात, तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत हेच पान होतं, म्हणजे दक्षिण ध्रुवाचा खंडही त्याच भूभागातला! वेगेनर यांचं म्हणणं मात्र पटायला १९६०चं दशक उजाडलं, भूपट्टांचं सरकणं तेव्हा कळलं. गोंडवानातून सुटलेला आपला तुकडा सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला आणि हिमालय उभा राहिला. आजही तो वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे रेटतो आहे.

शाळेत हा शब्द मला परदेशी वाटायचा. चांद्यावर, म्हणजे आजच्या चंद्रपूरवर, १७५१ पर्यंत गोंड राजांचं राज्य होतं, त्यांचा परकोट अजून उभा आहे. पण भूगोलाच्या तासाला त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. ते घ्यायलाच हवं. ‘गोंड’ हेही इतरांनी दिलेलं नाव. ते स्वतःला कोइतूर म्हणवतात.

चंद्रपूरजवळ इरईला, गोंडवाना थरांच्या तळाशी, गुळगुळीत चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. हिमनदीने दगडगोटे घासत नेले, त्याच्या त्या खुणा. आज मे महिन्यात तिथे पारा ४५ अंशांपुढे जातो.