नंबर लागण्यापूर्वी
पियाजिओबरोबरचा परवाना-करार १९७१ साली संपल्यावर आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२मध्ये 'चेतक' आणली. परमिटराजच्या त्या काळात स्कूटर नोंदवून माणसे वर्षानुवर्षे थांबत. वाङ्मयेतिहासाचे कालखंड आपण पाडतोच. आमच्या घरात मात्र 'नंबर लागण्यापूर्वी' आणि 'नंतर' असे दोनच होते.

वडिलांच्या पश्चात त्यांची चेतक अकरा वर्षे जिन्याखाली पडून राहिली. पेट्रोल उडून गेले आणि कार्बोरेटरचे जेट चिकट गाळाने बुजले. "पिन घालू नका सर, भोक मोठं होईल," मिस्त्रींनी बजावले. जेट भिजवले, फुंकले. नवा प्लग, ताजे पेट्रोल, मापाने ऑइल. तरी किका वायाच. मग नकळत, वडील करीत तशी, मी तिला कुशीवर कलती केली. दुसऱ्या किकेला धूर आला.