चौक (वारली)

चौक : जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी या मुलखातील वारली समाजात विवाहप्रसंगी घराच्या भिंतीवर काढले जाणारे मांगल्यचित्र.

शेण वा गेरूने सारवलेल्या कुडावर, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, ठेचलेल्या टोकाच्या बांबूच्या काडीने सवाष्णी ते रेखाटतात. नक्षीच्या चौकटीत पालघाट ही सुफलनाची देवी असते आणि धवलेरी ही विवाह लावणारी स्त्री गीते गाऊन विधी चालवते (→ धवलेरी). मनुष्याकृती म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण. पुढल्या सारवणाखाली हे चित्र लुप्त होत असल्याने संग्रहालयाची कल्पना त्यास मुळात परकीच होय, तथापि १९७० च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८, पद्मश्री, २०११) यांच्या हातून ही कला कागदावर उतरली व जपानातील तोकामाची येथील मिथिला संग्रहालयापर्यंत पोचली (→ वारली चित्रकला, बोहाडा).