सगळे अर्ज न तपासता अपात्र किती, हे कसं कळतं? यादृच्छिक नमुना पद्धत समजून घ्या

जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे हप्ते थांबवल्याची माहिती महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी दिली. त्यातल्या ज्या पात्र ठरतील त्यांचा लाभ जिल्हा पातळीवरच्या तपासणीनंतर पुन्हा सुरू होईल, असंही सांगण्यात आलं.

अशा बातमीनंतर ठाण्यात, कल्याणमध्ये किंवा डोंबिवलीत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, 'तिच्या दारात चारचाकी उभी आहे, तरी तिला पैसे येतात.' दुसरी, 'माझी कागदपत्रं बरोबर आहेत, तरी माझे थांबले.' दोन्ही खऱ्या असू शकतात. पण अशी प्रकरणं शंभरात दोन आहेत की वीस, हे तक्रारींवरून कळत नाही. ते कळण्यासाठी यादृच्छिक नमुना, म्हणजेच रँडम सॅम्पल, लागतो.

पडताळणी कशाकशाने होते?

पहिला मार्ग तक्रारीचा. जिथे शेजाऱ्यांचं पटत नाही तिथून तक्रारी जास्त येतात. त्यामुळे संपूर्ण यादीचं चित्र त्यात दिसत नाही.

दुसरा मार्ग माहितीच्या जुळणीचा. प्राप्तिकर, वाहन नोंदणी, इतर योजनांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. २६ लाखांचा आकडा विविध विभागांकडच्या माहितीवरून आला होता. ही पद्धत वेगवान आहे, पण नोंदच चुकीची असेल तर निकालही चुकतो.

तिसरा मार्ग सरसकट तपासणीचा. राज्यात १ एप्रिल ते ३१ मे २०२५ या काळात अपात्र शिधापत्रिका शोध मोहीम जाहीर झाली, ती या प्रकारातली. यात प्रत्येक कार्डधारकाकडून माहिती घ्यायची असते. वेळ आणि मनुष्यबळ दोन्ही खूप लागतं.

चौथा मार्ग नमुन्याचा. थोडीच प्रकरणं निवडायची, पण ती घरी जाऊन, कागद पाहून, नीट तपासायची.

'यादृच्छिक' म्हणजे 'कुठलंही' नव्हे

कर्मचाऱ्याने गठ्ठ्यातून हाताला लागतील त्या पन्नास फायली काढल्या, तर तो यादृच्छिक नमुना होत नाही. वरच्या फायली बहुधा नव्या असतात, जवळच्या वस्तीतल्या असतात. यादृच्छिक निवडीत यादीतल्या प्रत्येक नावाला निवडलं जाण्याची ठरलेली संधी असते आणि निवड माणसाच्या मर्जीवर नसते. म्हाडाच्या संगणकीय सोडतीमागे हेच तत्त्व आहे.

महाराष्ट्राला हे नवं नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकाचं उत्पन्न नजरेने ठरवण्याऐवजी यादृच्छिकपणे निवडलेल्या शेतांतलं पीक कापून, मोजून ठरवण्याच्या पद्धतीवर मोलाचं काम केलं. पीक कापणी प्रयोग आजही पीक विम्यासाठी होतात.

किती प्रकरणं पुरतात?

समजा, यादृच्छिकपणे निवडलेल्या ४०० प्रकरणांपैकी ४० अपात्र निघाली, म्हणजे १० टक्के. तर संपूर्ण यादीतलं खरं प्रमाण साधारण ७ ते १३ टक्क्यांच्या दरम्यान असेल, असं ९५ टक्के विश्वासाने म्हणता येतं. यादी ५० हजारांची असो की ५ लाखांची, या फरकाने फारसं बिघडत नाही. महत्त्व नमुन्याच्या आकाराला असतं. चूक निम्म्यावर आणायची तर नमुना चौपट, म्हणजे १,६०० लागतो.

निवडीच्या चार पद्धती

• साधी यादृच्छिक: प्रत्येक नावाला क्रमांक द्यायचा आणि संगणकाने क्रमांक काढायचे.

• पद्धतशीर: पहिला क्रमांक सोडतीने, मग दर शंभरावं नाव. सोपी, पण यादीच्या क्रमातच एखादा ठरावीक पॅटर्न असेल तर फसते.

• स्तरित: आधी गट पाडायचे, मग प्रत्येक गटातून निवड. समजा, ठाणे जिल्ह्यातल्या यादीत शहरांतली ९० हजार आणि मुरबाड-शहापूरची १० हजार नावं आहेत. साध्या निवडीत ४०० पैकी जेमतेम ४० नावं या दोन तालुक्यांची येतील. तेवढ्यावरून तिथल्या पाड्यांबद्दल ठामपणे बोलता येणार नाही. म्हणून तिथली नावं मुद्दाम जास्त घेतात आणि एकूण हिशेब करताना पुन्हा ९ ला १ असं वजन देतात.

• समूह: आधी काही रेशन दुकानं किंवा अंगणवाड्या निवडायच्या, मग तिथलीच प्रकरणं. फिरणं वाचतं. पण एका वस्तीतली घरं बरीचशी सारखी असतात, त्यामुळे त्याच अचूकतेसाठी नमुना मोठा घ्यावा लागतो.

दाराला कुलूप असेल तर?

खरी परीक्षा इथे असते. डोंबिवली, दिवा, टिटवाळ्यातल्या कितीतरी बायका सकाळच्या लोकलने कामाला जातात. दुपारी गेलेल्या कर्मचाऱ्याला कुलूप दिसतं. त्याने शेजारचं उघडं घर तपासलं, तर नमुन्यात घरी असणाऱ्या बायकाच उरतात. 'आढळून आली नाही, म्हणून अपात्र' अशी नोंद केली, तर कामावर जाण्याचीच शिक्षा होते. धोकादायक इमारत रिकामी करून दुसरीकडे भाड्याने राहायला गेलेल्या कुटुंबाचंही तेच. योग्य रीत अशी, की संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जायचं आणि तरीही भेट झाली नाही तर 'भेट झाली नाही' एवढंच लिहायचं.

ज्यांचे थांबले, त्यांचाही नमुना

फक्त लाभ मिळणाऱ्यांची यादी तपासली, तर अपात्र सापडतात. चुकून वगळलेली पात्र बाई त्या यादीतच नसते, म्हणून ती कधीच सापडत नाही. अमेरिकेतल्या 'स्नॅप' या अन्नसाहाय्य योजनेत राज्यांना दर महिन्याला चालू प्रकरणांचा आणि नाकारलेल्या किंवा बंद केलेल्या प्रकरणांचाही वेगळा नमुना तपासावा लागतो. चालू प्रकरणांत जास्त दिलेले आणि कमी दिलेले पैसे, दोन्ही चुकाच मोजतात. २०२३ च्या आर्थिक वर्षात ही चूक ११.६८ टक्के होती. त्यातले १.६४ टक्के कमी दिलेल्या रकमेचे होते.

नमुना काय सांगत नाही?

नमुना प्रमाण सांगतो, नावं नाही. दहा टक्के अपात्र निघाले म्हणून उरलेल्या यादीतल्या कुणाचा लाभ थांबवता येत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीची स्वतंत्र चौकशी आणि तिला बाजू मांडायची संधी लागते.

म्हणून 'इतके टक्के अपात्र' अशी पोस्ट पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. प्रकरणं कुणी आणि कशी निवडली? किती तपासली? न भेटलेल्यांची नोंद काय केली? आणि ज्यांचे पैसे थांबले, त्यांच्यापैकी किती जणींच्या घरी कुणी गेलं?